त्यांची सकाळ, माझं पार्श्वसंगीत

रात्री कामाला किंवा अभ्यासाला बसताना तुम्ही काय लावता? पावसाचा आवाज? लो-फाय? मी काही वर्षं लॉस एंजेलिसचे पोलीस लावत असे.

गंमत करत नाहीये. २०११च्या मार्चमध्ये एरिक एबरहार्टने 'यू आर लिसनिंग टू लॉस एंजेलिस' हे संकेतस्थळ सुरू केलं. कल्पना अगदी साधी होती. एका बाजूला लॉस एंजेलिस पोलिसांचं वायरलेसवरचं बोलणं, थेट. दुसऱ्या बाजूला संथ, तालाशिवायचं अँबियंट संगीत. दोन्ही एकाच वेळी वाजायचं, एवढंच. पुढे न्यूयॉर्क, शिकागो, सॅन फ्रान्सिस्को अशी शहरं त्यात आली. सॅन फ्रान्सिस्कोच्याच 'सोमाएफएम' या इंटरनेट रेडिओचं 'एसएफ १०-३३' नावाचं चॅनेलही याच जातीचं: शहराच्या आपत्कालीन सेवांचा रेडिओ आणि खाली अँबियंट.

ऐकायला हे फार सुंदर असतं, ते आधी कबूल करतो. एक लांब सूर पसरत जातो, त्यातून खरखर येते, एक थकलेला बाईचा आवाज रस्त्याचं नाव सांगतो, कुणीतरी "कॉपी" म्हणतं आणि पुन्हा सूर. न पाहिलेल्या शहराच्या गच्चीवर एकटं उभं असल्यासारखं वाटतं. मित्रांना मी लिंक पाठवत असे आणि खाली लिहीत असे, 'हेडफोन लावून ऐक, रात्री.'

आज मला याच कलाकृतीबद्दल तक्रार करायची आहे. तक्रार नीट करायची तर हा आवाज आपल्या फोनपर्यंत येतो कसा, ते आधी सांगायला हवं. ते मला माहीत आहे, कारण एकदा ती वायर मी स्वतः जोडली आहे.

मी लॉस एंजेलिसजवळच्या एका उपनगरात शिकायला होतो. ज्यांच्या घरात खोली भाड्याने घेतली होती ते आजोबा निवृत्त होते. स्वयंपाकघरात फ्रिजवर त्यांचा रेडिओ स्कॅनर दिवसभर चालू असायचा. स्थानिक अग्निशमन दलाचं बोलणं ते इंटरनेटवर सोडत. जगभरातली अशी बहुतेक फीड्स याच पद्धतीने चालतात. 'ब्रॉडकास्टिफाय'सारख्या सेवेवर हजारो फीड्स आहेत आणि ती पुरवणारे बहुतेक जण असेच हौशी, बिनपगारी.

त्यांचा जुना संगणक बंद पडला तेव्हा नवी जोडणी मी करून दिली. स्कॅनरच्या इअरफोनच्या भोकातून एक वायर संगणकात. संगणकाला लाइन-इन नव्हतं, फक्त माइकचं भोक होतं. ते फार संवेदनशील असतं, त्यामुळे पहिल्यांदा सगळा आवाज फाटला. स्कॅनरचा आवाज अगदी बारीक केला तेव्हा शब्द कळायला लागले. मग एक सतत घूं... ऐकू येऊ लागलं. स्कॅनर आणि संगणक वेगवेगळ्या प्लगवर असले की अर्थिंगमधून अशी गुणगुण येते. दोघांच्या मध्ये एक छोटा आयसोलेटर बसवल्यावर ती गेली. पुढचं काम सॉफ्टवेअरचं: आवाज एकाच चॅनेलचा करायचा, एमपी३मध्ये सेकंदाला १६ किलोबिट इतका दाबायचा आणि सर्व्हरकडे पाठवायचा. तिथून तो ऐकणाऱ्या प्रत्येकाकडे जातो, काही सेकंद उशिराने.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो स्क्वेल्च नावाच्या एका बटणावर. कुणी बोलत नसताना रेडिओत नुसती खरखर असते. ती किती पातळीखाली दाबायची हे स्क्वेल्च ठरवतं. जास्त दाबलं तर लांबून बोलणारा अशक्त आवाजही त्यात मरतो. कमी दाबलं तर खरखर थांबत नाही. शिवाय स्कॅनर सगळे चॅनेल एकदम ऐकत नाही. एकामागून एक चाळत जातो आणि जिथे पहिल्यांदा बोलणं सापडेल तिथे थांबतो. तेवढ्यात दुसऱ्या चॅनेलवर काय झालं ते गेलंच. म्हणजे 'थेट' आणि 'कच्चं' वाटणारं हे फीड मुळात संपादित असतं. काय ऐकू यायचं आणि काय गाळायचं, हे कुणाच्या तरी स्वयंपाकघरात ठरलेलं असतं.

जोडणी झाल्यावर मी फोनवर फीड उघडलं. काहीच ऐकू येईना. एक मिनिट, तीन मिनिटं, सात मिनिटं. मी वायर पुन्हा काढायला निघालो तेव्हा आजोबा म्हणाले, "हात लावू नकोस. आवाज नाही म्हणजे बंद पडलंय असं नाही. कुणाला काही झालेलं नाही."

कच्च्या फीडमधली शांतता म्हणजे हे. तिला अर्थ असतो. आणि माझी तक्रार इथूनच सुरू होते, कारण 'यू आर लिसनिंग टू' पहिला घाव या शांततेवर घालतं. तिथे शांतता उरतच नाही. दोन कॉलमधली जागा संगीत भरून टाकतं. त्यामुळे कॉल आला काय, न आला काय, ऐकणाऱ्याला फरक पडत नाही. उलट बराच वेळ कुणी बोललं नाही तर थोडं चुकल्यासारखं वाटतं. मला वाटलेलं आहे. म्हणजे मी कशाची वाट बघत होतो? कुणाच्या तरी घरात काही वाईट घडण्याची.

दुसरी गोष्ट लक्षात यायला मला पुण्याला परतावं लागलं. रात्री साडेअकराला दिवा मालवून मी हे लावायचो. उन्हाळ्यात तेव्हा लॉस एंजेलिसमध्ये सकाळचे अकरा वाजलेले असतात. लोक कामावर, मुलं शाळेत, डोक्यावर कडक ऊन. पण माझ्या कानात ते शहर कायम मध्यरात्रीचं, ओलं, निळं. ते तसं करत होतं संगीत. बोलणारी माणसं खरी होती, त्यांचे पत्ते खरे होते, फक्त त्यांची वेळ आणि त्यांचा मूड माझ्या सोयीचा करून दिला होता.

मग मिश्रण करणंच चूक का? तसं मला वाटत नाही. 'सोमाएफएम'चंच 'मिशन कंट्रोल' हे चॅनेल ऐका. तिथे नासाच्या मोहिमांमधलं बोलणं अँबियंटवर सोडलेलं असतं. तंत्र तेच, आणि ते मला आजही आवडतं. कारण तिथल्या बोलणाऱ्यांना जग आपल्याला ऐकतंय हे ठाऊक असतं. दुसऱ्या टोकाला ब्रिटिश कलाकार रॉबिन रिम्बॉ. त्याने 'स्कॅनर' हेच नाव घेतलं आणि १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला लोकांची मोबाइलवरची खासगी बोलणी स्कॅनरवर पकडून आपल्या संगीतात वापरली. त्यात उघड चोरी होती. ती ऐकताना आपण दाराला कान लावून उभे आहोत हे विसरता येत नाही, आणि त्या अस्वस्थतेतच त्या कामाचा जीव होता. 'यू आर लिसनिंग टू' या दोन्हींच्या मध्ये पडतं. ज्याच्या घराबद्दल बोलणं चाललंय त्याला कल्पना नसते, आणि ऐकणाऱ्यालाही काही टोचत नाही.

हे सगळं मी तेव्हा इतक्या नीट मांडू शकलो नसतो. मग आई बाथरूममध्ये पडली. मी १०८ला फोन लावला. समोरच्या बाईंनी वय विचारलं, शुद्धीवर आहेत का विचारलं, पत्ता विचारला. मी पत्ता दोनदा चुकीचा सांगितला. स्वतःच्या घराचा. अँब्युलन्स येईपर्यंत आईचा हात धरून फरशीवर बसलो होतो. ती मला सारखी म्हणत होती, "अरे, मला गाउन तरी नीट करून दे, लोक येतील." खुब्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया झाली, आता ती काठी घेऊन चालते.

तिसऱ्या रात्री हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये झोप येईना म्हणून सवयीने 'एसएफ १०-३३' लावलं. सूर पसरला. मग एक आवाज: वयस्कर स्त्री, घरात पडली आहे, शुद्धीवर आहे. रस्ता. घर क्रमांक. त्याखाली पियानोचे दोन हळुवार सूर, अगदी योग्य जागी पडलेले. मी इअरफोन काढले. तिथेही कुणीतरी फरशीवर बसलेलं असणार. आणि तिकडची म्हातारी कुणाला तरी कपडे नीट करायला सांगत असणार.

यावर एक सोपा निष्कर्ष काढता येतो, की मग हे सगळं बंदच करा. अमेरिकेत बऱ्याच पोलीस खात्यांनी तेच केलं आहे. कॅलिफोर्नियाच्या न्याय विभागाने २०२०मध्ये रेडिओवरून लोकांची वैयक्तिक माहिती बाहेर जाता कामा नये असं बजावलं आणि अनेक शहरांनी सगळं बोलणंच सांकेतिक करून टाकलं. शिकागोने २०२२पासून लोकांना ऐकू येणारं प्रसारण ३० मिनिटं उशिराने द्यायला सुरुवात केली. भीती खोटी नाही. २०१३च्या बोस्टन स्फोटांनंतर 'स्कॅनरवर ऐकलं' म्हणून एका बेपत्ता विद्यार्थ्याचं नाव आरोपी म्हणून जगभर फिरलं. त्याचा काहीही संबंध नव्हता.

तरीही बंद करण्याच्या बाजूने मी नाही, आणि त्याचं कारण आपल्याकडचं आहे. भारतात पोलिसांचं वायरलेस असं कुणी इंटरनेटवर सोडू शकत नाही, कायदा ते करू देत नाही. २६/११च्या रात्री मुंबईत नियंत्रण कक्ष आणि रस्त्यावरचे अधिकारी यांच्यात काय बोलणं झालं, हे जाणून घ्यायला विनीता कामटे यांना माहितीच्या अधिकाराचा आधार घ्यावा लागला. त्यांचे पती अशोक कामटे त्या रात्री मारले गेले होते. त्या नोंदींच्या आधारे त्यांनी विनीता देशमुख यांच्यासोबत २००९मध्ये 'टू द लास्ट बुलेट' हे पुस्तक लिहिलं. कुणी, किती वाजता, काय मागितलं आणि पलीकडून काय उत्तर गेलं, हे त्यांना मिनिटामिनिटाने हवं होतं. वायरलेसवरच्या बोलण्याचा खरा उपयोग हा. पालो आल्टो शहराने २०२१मध्ये रेडिओ सांकेतिक केला आणि पुढच्याच वर्षी पुन्हा खुला केला, तेव्हाही वाद लोकांच्या जाणून घेण्याच्या हक्काचाच होता.

म्हणून माझा आक्षेप वायरीवर नाही, सुरावर आहे. फीड खुलं असण्याचं समर्थन एकाच गोष्टीने होतं: कुणीतरी लक्ष देऊन ऐकतंय. अँबियंट संगीत जन्माला येतं ते मात्र लक्ष न देता ऐकता यावं म्हणून. या दोन गोष्टी एकत्र आणल्या की एबरहार्टची कलाकृती तयार होते. ती देखणी आहे, आणि ज्या एका कारणासाठी आपल्याला ऐकायची मुभा आहे, तेच कारण ती काढून घेते.

आजोबांचं फीड अजून चालू आहे. अधूनमधून मी ते लावतो, नुसतं. बहुतेक वेळा काहीच ऐकू येत नाही. परवा वीस मिनिटं कुणी बोललं नाही. पलीकडच्या खोलीतून आईने विचारलं, "काय ऐकतोयस एवढं?"

"काही नाही," म्हटलं, "सगळं ठीक आहे तिकडे."