वाइतांगीच्या तहाची प्रमाण प्रत

एकाच तहाच्या दोन भाषांतील प्रती पुढें आल्या व त्यांचीं कलमें जुळेनात, तर कोणती प्रत प्रमाण मानावी? जुनीं दप्तरें चाळणाऱ्या वाचकांस हा प्रश्न नवा नाहीं. परंतु न्यूझीलंडांत माओरी ह्या मूळ रहिवाशांचा आपला कारभार आपण पाहण्याचा हक्क ह्याच प्रश्नावर अवलंबून आहे. रूथ रॉस ह्या विदुषीनें वाइतांगीच्या तहाच्या पाठांवर १९७२ सालीं ‘न्यूझीलंड जर्नल ऑफ हिस्टरी’ ह्या नियतकालिकांत जो निबंध लिहिला, त्याचें परीक्षण येथें करावयाचें आहे.

तहाची हकीगत थोडक्यांत अशी. कॅप्टन विल्यम हॉब्सन हा व्हिक्टोरिया राणीतर्फे १८४० च्या जानेवारींत तेथें आला. इंग्रजी मसुदा झाल्यावर हेन्री विल्यम्स हा मिशनरी व त्याचा मुलगा एडवर्ड ह्यांनीं ४ फेब्रुवारीच्या रात्रीं त्याचें माओरी भाषांतर केलें. तें ५ तारखेस सरदारांना वाचून दाखविलें, व ६ तारखेस ४० हून अधिक सरदारांनीं त्यावर निशाण्या केल्या. पुढें प्रती देशभर फिरल्या. आज ९ पत्रें उपलब्ध आहेत. ८ माओरी व १ इंग्रजी. एकूण ५०० हून अधिक निशाण्यांपैकीं इंग्रजी पत्रावर अवघ्या ३९ आहेत. कित्येकांनीं नांवाऐवजीं आपल्या चेहऱ्यावरील गोंदणाची नक्षी काढली आहे. ती पाहून आपल्या पाटलांच्या नांगराच्या निशाणीची आठवण होते.

आतां पाठभेद. पहिल्या कलमांत इंग्रजी पाठाप्रमाणें सरदार आपली संपूर्ण सार्वभौम सत्ता राणीस देतात. माओरी पाठांत ते ‘कावानातांगा’ देतात. हा शब्द ‘गव्हर्नर’ ह्या शब्दापासून मिशनऱ्यांनीं घडविलेला. त्यांच्या माओरी बायबलांत पाँटियस पायलेट हा ‘कावाना’ होता. दुसऱ्या कलमांत इंग्रजी पाठ जमिनी, जंगलें व मासेमारीच्या जागा ह्यांचा निर्वेध कबजा राखून ठेवितो. माओरी पाठ जमिनी, गांवें व सर्व मोलाच्या वस्तु ह्यांवरील ‘तिनो रांगातिरातांगा’, म्हणजे पूर्ण सरदारकी, राखून ठेवितो. तात्पर्य, एका पाठांत राज्य दिलें आहे. दुसऱ्यांत कारभार देऊन धनीपण राखलें आहे. १८३५ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यांत सार्वभौम सत्तेसाठीं ‘किंगितांगा’ व ‘माना’ हे शब्द योजिले होते, आणि ‘रांगातिरातांगा’ हा शब्द स्वातंत्र्याचा वाचक होता. म्हणजे योग्य शब्द पांच वर्षांपूर्वींच हाताशीं होता. तहाच्या पहिल्या कलमांत तो आला नाहीं.

हॉब्सननें वरिष्ठांकडे पाठविलेल्या इंग्रजी प्रती परस्परांशींही जुळत नाहींत, व माओरी पाठ त्यांपैकीं कोणत्याही एका प्रतीचें भाषांतर नव्हे, हें रॉसबाईंनीं साधार दाखविलें. हें काम फार मोलाचें आहे. परंतु तह घाईनें व अनभ्यस्त हातांनीं लिहिलेला, संदिग्ध व विसंगत आहे, हा त्यांचा शेवटचा निष्कर्ष आम्हांस पूर्णपणें पटत नाहीं. विसंगतीचा मोठा भाग दोन पाठ एकत्र ठेविल्यानें उत्पन्न होतो. सरदारांनीं जो पाठ ऐकला तो एकटा वाचला, तर त्याचा मुख्य आशय बराच सरळ लागतो.

इंग्रजी मसुदा आधींचा, म्हणून तोच मूळ, असा एक आक्षेप आहे. काव्यग्रंथास हा न्याय लागेल. करारास लागणार नाहीं. करार म्हणजे ज्यावर उभयतांचें अनुमत पडलें तें. विल्यम्सनें बुद्धिपुरस्सर फसविलें असें ठरविण्याइतका पुरावा नाहीं, व तसें ठरविण्याची गरजही नाहीं. मिशनचा मुद्रक विल्यम कोलेन्सो ह्यानें ६ तारखेसच हॉब्सनला विचारलें होतें कीं, ह्या लोकांस तह समजला आहे काय? ही हकीगत त्यानें १८९० सालीं छापली.

१८७७ सालीं न्यायाधीश प्रेंडरगास्ट ह्यानें हा तह कायद्याच्या दृष्टीनें शून्यवत् ठरविला. त्याच वर्षीं मूळ पत्रांच्या प्रतिकृती छापल्या गेल्या. पण १९०८ सालीं डॉ. हॉकन ह्यांस खुद्द पत्रें सरकारी तळघरांत भिजलेलीं व उंदरांनीं कुरतडलेलीं सांपडलीं! पुढें १९७५ च्या कायद्यानें वाइतांगी चौकशी मंडळ स्थापन झालें व त्यानें दोन्ही पाठ विचारांत घ्यावे असें ठरलें. १९८५ पासून १८४० पर्यंतच्या तक्रारी त्याजपुढें येऊं लागल्या. १८४० च्या फेब्रुवारींत सह्या करणाऱ्या सरदारांनीं सार्वभौमत्व दिलें नव्हतें, असा निष्कर्ष ह्या मंडळानें २०१४ सालीं काढला. सरकारनें तो मानला नाहीं. मूळ रहिवाशांच्या हक्कांच्या २००७ च्या संयुक्त राष्ट्रांच्या जाहीरनाम्याविरुद्ध मत देणाऱ्या चार राष्ट्रांत न्यूझीलंड होतें. २०१० सालीं त्यानें त्यास पाठिंबा दिला. परंतु सार्वभौमत्वाचा वाद त्यानें मिटला नाहीं.

जेत्याच्या भाषेंतील प्रत पुष्कळदां अधिक वाचली व उद्धृत केली जाते. म्हणून ती प्रमाण ठरत नाहीं. निशाणी कोणत्या पत्रावर आहे, हें आधीं पाहावें. रॉसबाईंचा निबंध ह्या दृष्टीनें आमच्या संग्राहक बंधूंनीं अवश्य वाचावा.