‘कव्हर करते’ म्हणजे नक्की किती? एका स्वस्त वाइड लेन्सचं परीक्षण

गेल्या वर्षी माझ्याकडून एक चूक झाली. ती प्रयोगशाळेत झाली नाही, पण प्रयोगशाळेत आपण रोज करतो त्याच जातीची होती. म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

माझी एक मैत्रीण वास्तुसंवर्धनात पीएच.डी. करते. पेठेतल्या एका जुन्या वाड्याचा दर्शनी भाग तिला फिल्मवर नोंदवायचा होता. तिच्या विभागाच्या कपाटात ४×५ इंची फिल्मचा मोनोरेल कॅमेरा धूळ खात पडला होता, पण त्याच्यासोबत फक्त १५० मिमीची साधी लेन्स होती. समोरचा चौक लहान, भिंतीपासून जास्तीत जास्त ८ मीटर मागे जाता येत होतं. म्हणजे वाइड लेन्स हवी. फेलोशिपमधून साठवलेले पैसे मोजकेच. तिने मला विचारलं, “तू ऑप्टिक्सवाला ना, स्वस्तातली एखादी सांग की.” मी दोन संध्याकाळी वाचन केलं आणि ऐटीत सांगितलं, “श्नायडरची ९० मिमी एफ/६.८ अँग्युलॉन घे. छोटी आहे, स्वस्त आहे आणि ४×५ कव्हर करते.”

यातली तिन्ही विधानं खरी आहेत. तरीही सल्ला चुकीचा होता. कसा, ते आता बघू.

अँग्युलॉनची बाजू

आधी या लेन्सशी न्यायाने वागू. अँग्युलॉनचं डिझाइन १९३०च्या आसपासचं, आल्ब्रेख्ट ट्रॉनियर यांचं. तीन-तीन भिंगं चिकटवून केलेले दोन गट, एकूण सहा भिंगं. मधल्या हवा-काचेच्या सीमा कमी, त्यामुळे आतल्या आत होणारं परावर्तनही कमी. आकाराने इतकी लहान की मुठीत मावते. कॅमेरा पाठीवर टाकून सह्याद्रीत भटकायचं असेल आणि क्षितिज मधोमध ठेवून निसर्गचित्र काढायचं असेल, तर आजही ती कामाची आहे. एफ/२२ला मधला भाग चांगला धारदार येतो. जुन्या लेन्समध्ये नगागणिक फरक असतो हे खरं, पण तो दोष एकट्या अँग्युलॉनचा नाही.

मग अडचण कुठे आली? ‘कव्हर करते’ या दोन शब्दांत.

वर्तुळ आणि आयत

लेन्स फिल्मवर आयत पाडत नाही, वर्तुळ पाडते. त्याला इमेज सर्कल म्हणतात. ४×५ फिल्मवर प्रत्यक्ष चित्राची जागा साधारण ९५×१२० मिमी असते आणि तिचा कर्ण सुमारे १५३ मिमी. इमेज सर्कल याहून मोठं असलं की लेन्स ‘कव्हर करते’ असं म्हणायचं. अँग्युलॉनचं वर्तुळ एफ/१६च्या आसपास सुमारे १५४ मिमी. पास! पण काठावर पास.

आता वाड्याकडे येऊ. वाडा ९ मीटर उंच, ८ मीटर रुंद. कॅमेरा जमिनीपासून दीड मीटरवर. कॅमेरा वर वाकवला तर खांब आत झुकलेले दिसतात आणि अशा चित्रावरून मोजमाप घेणं अवघड होतं. म्हणून फिल्म भिंतीला समांतर ठेवायची आणि नुसती लेन्स वर सरकवायची. यालाच राइज म्हणतात. लार्ज फॉरमॅटचा जड संसार माणूस डोक्यावर घेतो तो बऱ्याच अंशी याचसाठी.

८ मीटरवर ९० मिमीची लेन्स वस्तूचं सुमारे १/८८ आकाराचं चित्र पाडते. कॅमेऱ्याच्या पातळीपासून वाड्याचा माथा साडेसात मीटर वर आहे, म्हणजे फिल्मवर ८५ मिमी. फिल्म उभी धरली तर अर्धी उंची ६० मिमी. म्हणजे किमान २५ मिमी राइज हवा आणि वर थोडं आकाश ठेवायचं तर ३० मिमी.

लेन्स किती राइज देऊ शकते हे शाळेतल्या पायथागोरसने निघतं. वर्तुळाच्या त्रिज्येच्या वर्गातून फिल्मच्या अर्ध्या रुंदीचा वर्ग वजा करा, वर्गमूळ काढा आणि त्यातून अर्धी उंची वजा करा. अँग्युलॉनची त्रिज्या ७७ मिमी, फिल्मची अर्धी रुंदी ४७.५ मिमी. उत्तर येतं ०.६ मिमी.

हवे होते ३० मिमी, मिळत होता अर्ध्या मिलिमीटरहून जरासा जास्त. हे गणित करायला मला पाच मिनिटं लागली असती. मी केलं नाही, कारण ‘कव्हर करते’ हे वाचून माझं समाधान झालं होतं.

कोणी म्हणेल, जवळच्या वस्तूवर फोकस केला की इमेज सर्कल वाढतं. बरोबर, वाढतं. पण १/८८ या प्रमाणाला ती वाढ जेमतेम १ टक्का. त्याने काही वाचत नाही.

मैत्रिणीने चार शीट खर्च केल्या. ग्राउंड ग्लासवर वरचा भाग काळपट दिसत होता, पण संध्याकाळची वेळ, चौक अरुंद, लेन्स एफ/६.८ची. तिला वाटलं काच अंधारी आहे म्हणून असेल. निगेटिव्ह धुतल्यावर कळलं की वरच्या मजल्याचे लाकडी कंस आणि छताची किनार वर्तुळाबाहेर गेली होती. मधोमध काही मिलिमीटर, कोपऱ्यांत त्याहून कितीतरी जास्त, कुठे नुसता चिखल तर कुठे काळोख. पुन्हा जाऊ म्हणेपर्यंत पावसाळा लागला आणि जुलैत त्या मजल्याची पुढची भिंत ढासळली. कंस गेले. तिच्या प्रबंधात आज त्या जागी मोबाइलवर खालून काढलेला एक तिरका फोटो आहे.

मग घ्यायची कोणती?

माझं मत आता असं आहे: इमारतींसाठी ९० मिमी हवी असेल तर एफ/८च्या जातीची लेन्स घ्या. श्नायडरची सुपर अँग्युलॉन एफ/८ आणि फुजिनॉन एसडब्ल्यू एफ/८, दोन्हींचं वर्तुळ २१६ मिमी. वरचं गणित लावलं तर ३७ मिमी राइज. रोडेनस्टॉकची ग्रँडॅगॉन-एन एफ/६.८ २२१ मिमी देते, म्हणजे ४० मिमी. निकॉरची एसडब्ल्यू एफ/८ २३५ मिमी, म्हणजे ४७ मिमी. वाड्याला ३० हवे होते. चारही पास, आणि काठावर नाही.

नावांच्या साम्याला फसू नका. ‘सुपर’ हा जाहिरातीतला शब्द वाटतो, पण अँग्युलॉन आणि सुपर अँग्युलॉन या वेगळ्या जातीच्या लेन्स आहेत. सुपर अँग्युलॉनची रचना मिखाईल रुसिनोव्ह आणि लुडविग बेर्टेले यांच्या कामाच्या वाटेवरची आहे: दोन्ही टोकांना मोठी, बाहेर फुगलेली ऋण भिंगं. फायदा फक्त मोठ्या वर्तुळाचा नाही, उजेडाचाही आहे. साध्या लेन्समध्ये कोपऱ्यातला प्रकाश कोनाच्या कोसाइनच्या चौथ्या घाताने कमी होतो. ९० मिमीला ४×५चा कोपरा सुमारे ४० अंशांवर, म्हणजे मध्याच्या मानाने ३४ टक्के प्रकाश. नव्या रचनेत तिरकं पाहिल्यावर लेन्सचं छिद्र मोठं भासतं, त्यामुळे घसरण साधारण तिसऱ्या घाताने होते: ४४ टक्के. ३० मिमी राइज दिल्यावर वरचा कोपरा मात्र पावणेदोन स्टॉप अंधारतोच. ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्हवर हे प्रिंट करताना सांभाळता येतं. त्यासाठी महागडा सेंटर फिल्टर लगेच घ्यायची गरज नाही.

एफ/५.६ किंवा एफ/४.५ची का नको? काढताना आपण एफ/२२लाच जाणार आहोत. जास्तीचे पैसे जातात ते ग्राउंड ग्लासवरच्या उजेडासाठी आणि जरा मोठ्या वर्तुळासाठी. उजेडाची सोय खरी आहे, पण डोक्यावर काळं कापड आणि हातात साधं भिंग असलं की एफ/८वर काम होतं. आणि एफ/२२ला विवर्तनाचं काय? बिंदूचा ठिपका सुमारे ३० मायक्रॉनचा होतो. १६×२० इंची प्रिंट म्हणजे चौपट मोठं, म्हणजे ०.१२ मिमी. हातात धरून पाहणाऱ्या डोळ्याला तो खुपत नाही. एफ/४५ला ठिपका दुप्पट होतो, तिथे मात्र जपून.

आणखी स्वस्त म्हणून ६५ मिमीची सुपर अँग्युलॉन एफ/८ दिसेल. तिचं वर्तुळ १५५ मिमी. म्हणजे पुन्हा तोच सापळा, राइज सव्वा मिलिमीटर.

पैसे कुठे वाचवायचे, कुठे नाही

जुन्या श्नायडर लेन्समध्ये भिंगाच्या कडेला आतून पांढरे ठिपके दिसतात. तो काळ्या रंगाचा उडालेला पापुद्रा असतो. चित्रावर त्याचा परिणाम सहसा जाणवत नाही, किंमत मात्र उतरते. असा नग खुशाल घ्या. शटरचा १/५०० बिघडलेला असेल तरी चालेल, एफ/२२ला तो कधी लागणार? उलट १ सेकंद आणि १/२ सेकंद तपासा. फोनवर आवाज ध्वनिमुद्रित करून दोन ‘क्लिक’मधलं अंतर मोजा. जुनं वंगण घट्ट झालं की हेच वेग रेंगाळतात. तेही बिघडले असतील तर ‘बी’वर ठेवून घड्याळ लावून मोठी एक्स्पोजर देता येतात.

बुरशीवर मात्र तडजोड नको. आपल्याकडचा पावसाळा, त्यात कोकणातलं घर असेल तर बघायलाच नको. लेन्सच्या मागून टॉर्च मारून पाहा, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर परत द्या. आणि हिशेब करताना फक्त लेन्सची किंमत धरू नका. परदेशातून मागवली तर टपाल आणि कस्टम ड्युटी, तुमच्या कॅमेऱ्याला बसणारा लेन्सबोर्ड, आणि सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट म्हणजे भाता. ९० मिमीला लेन्स आणि फिल्म एकमेकांच्या इतकी जवळ येतात की घड्यांचा नेहमीचा भाता दबून कडक होतो आणि राइज द्यायला गेलं की अडतो. मऊ पिशवीचा बॅग बेलोज नसेल तर २१६ मिमीचं वर्तुळ असून नसल्यासारखं.

लेन्स हातात आली की एक परीक्षा घ्या. बऱ्याच ग्राउंड ग्लासचे कोपरे मुद्दाम कापलेले असतात. हवा तेवढा राइज द्या, छिद्र एफ/२२वर आणा आणि कापलेल्या कोपऱ्यातून लेन्सकडे पाहा. छिद्र पूर्ण दिसलं तर तिथे प्रकाश पोचतोय. मांजराच्या डोळ्यासारखं चिंचोळं दिसलं तर लेन्सची कडा आड येतेय. पण प्रकाश पोचला म्हणजे धारही पोचली असं नाही. ते एक शीट खर्चूनच कळतं.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी

हे सगळं तुम्हाला का सांगतोय? कारण ‘वर्तुळ २१६ मिमी’ हा आकडा एकटा नसतो. त्याला शेपूट असतं: एफ/२२ला, अनंतावर फोकस असताना, आणि त्या कंपनीला जेवढी धार चांगली वाटते त्या निकषावर. शेपूट कापून आकडा उचलला की तो खोटा होत नाही, पण आपल्या प्रश्नाचं उत्तर राहत नाही. मी वाचलेल्या जवळजवळ प्रत्येक शिफारशीत ‘४×५ कव्हर करते’ असं होतं. लिहिणारे खोटं बोलत नव्हते. ते बहुधा डोंगर काढत होते. त्यांचा प्रश्न वेगळा होता आणि मी त्यांचं उत्तर आमच्या वाड्याला चिकटवलं.

उपकरण निवडताना आपण आधी यादी उघडतो: कोणतं चांगलं, कोणतं स्वस्त. क्रम उलटा हवा. आधी माझ्या नमुन्याला काय लागतं ते मिलिमीटरमध्ये लिहायचं, मग यादी उघडायची. ‘३० मिमी राइज’ एवढं कागदावर असतं तर अँग्युलॉन पहिल्याच ओळीत बाद झाली असती, आणि तेही एक रुपया खर्च न करता.

ती अँग्युलॉन आता माझ्याकडे आहे. मैत्रिणीकडून मी ती घेतलेल्या किमतीलाच विकत घेतली, तेवढी तरी भरपाई. सिंहगडाच्या वाटेवरून तिने काढलेली दोन निगेटिव्ह खरोखर सुंदर आली आहेत. मैत्रिणीने नंतर फुजिनॉन एफ/८ घेतली आणि पुढच्या वाड्याला जाण्याआधी ८ मीटर, ९ मीटर, दीड मीटर असे आकडे वहीत लिहून मला तपासायला पाठवले. मी दोनदा तपासले.