'विनामूल्य' आणि 'सक्षम' : वकिलांच्या विधिसेवेचे श्रेयांकन

१९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाने दुर्बल घटकांना द्यावयाच्या सेवेला दोन विशेषणे लावली आहेत : ती विनामूल्य असावी आणि सक्षम असावी. मराठीच्या नित्य व्यवहारात यांपैकी पहिलेच टिकले. अहिल्यानगर जिल्ह्यात (२०२४ पर्यंतचा अहमदनगर जिल्हा) किंवा अन्यत्र 'मोफत कायदेविषयक सल्ला' हा शब्दबंध सर्वांच्या कानावरचा आहे. त्याला जोडून 'सक्षम' हा शब्द सहसा कोणी उच्चारीत नाही. हा लोप निव्वळ भाषिक काटकसर मानता येणार नाही. वकिलांच्या ऐच्छिक सेवेस निरंतर शिक्षणाचे श्रेयांक द्यावेत काय, या वादातील बहुतेक गोंधळ त्या गळालेल्या विशेषणापाशी सुरू होतो.

अमेरिकेतील बहुतेक राज्यांत वकिलाला व्यवसाय चालू ठेवण्यासाठी नेमून दिलेल्या तासांचे शिक्षण घ्यावे लागते. न्यूयॉर्कसारख्या काही राज्यांत गरजूंसाठी विनामूल्य केलेले कामही त्यात धरतात. परंतु तेथे तासास तास असा हिशेब नाही. एका श्रेयांकासाठी कामाचे एकाहून अधिक तास द्यावे लागतात. हे प्रमाण म्हणजे एक प्रांजळ कबुलीच होय : सेवेचा प्रत्येक तास शिक्षणाचा तास नसतो.

आपल्याकडे वकिलांना असे सक्तीचे निरंतर शिक्षण नाही. उलट, निर्धन व पीडित यांना विनामूल्य साहाय्य देणे हे वकिलाच्या समाजाप्रती असलेल्या श्रेष्ठ कर्तव्यांपैकी एक आहे, असे भारतीय वकील परिषदेचा शेहेचाळिसावा नियम सांगतो. मग कर्तव्याला गुण कसले, हा आक्षेप येणारच. या आक्षेपामागे शब्दाचाही हात आहे. 'श्रेय' म्हटले की मराठी कानाला एकीकडे कठोपनिषदातील श्रेय-प्रेयाचा विवेक आठवतो आणि दुसरीकडे श्रेय लाटणारा कार्यकर्ता. विद्यापीठीय 'श्रेयांक' मात्र या दोहोंशी असंबद्ध, केवळ अध्ययनाचे माप आहे. ते पुण्याचे माप समजले की आक्षेप खरा ठरतो. अध्ययनाचे समजले की तो निराधार होतो.

पुण्याच्या मापाचा प्रयोग आपण करून पाहिलाच आहे. ज्येष्ठ अधिवक्ता ही पदवी देताना विनामूल्य कामाचाही विचार गुणांकनात व्हावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये इंदिरा जयसिंग यांच्या याचिकेवर ठरविले. ती गुणपद्धती २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने मोडीत काढली. जामखेडच्या किंवा पाथर्डीच्या न्यायालयात उभ्या राहणाऱ्या वकिलाला त्या पदवीचे अप्रूप ते किती असणार? शिवाय सेवा करताना वकील काय शिकला, हे त्या गुणांतून कळण्याचा संभवच नव्हता.

न शिकलेल्या सेवेची किंमत कोण मोजतो, हे २०१९ च्या अनोखीलाल खटल्यात दिसले. ज्या दिवशी आरोपीसाठी वकील नेमला, त्याच दिवशी आरोपनिश्चिती झाली. अल्पावधीत फाशीची शिक्षा झाली. सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द करून खटला नव्याने चालविण्यास सांगितले आणि जन्मठेप वा फाशी संभवत असेल तेथे न्यायमित्र म्हणून किमान दहा वर्षांच्या अनुभवाचाच वकील विचारात घ्यावा, असे बजावले. विनामूल्यतेची अट पुरी झाली होती. सक्षमतेची झाली नव्हती.

ही सक्षमता पुष्कळ अंशी भाषेची असते. अकोले तालुक्यातील महादेव कोळी किंवा ठाकर कुटुंबाचा वनहक्काचा दावा घ्या. २००६ च्या कायद्यानुसार १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो आणि वडीलधाऱ्यांचे लेखी उतरविलेले निवेदन पुरावा म्हणून चालते. वृद्ध माणूस सांगतो, 'पहिल्यापासून कसतो.' या 'पहिल्यापासून'ला तारीख नाही. बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर, बांध कोणी घातला, थोरल्या मुलीच्या लग्नात हे शेत होते काय, असे विचारीत गेले म्हणजे काळ हाती येऊ लागतो. आणि तेही सांगणाऱ्याच्या तोंडी आपले उत्तर न घालता. दावा, ताबा हे फारसी-अरबी वळणाचे शब्द त्या वृद्धाच्या अंगवळणी पडलेले असतात. 'विधी', 'प्राधिकरण', 'अधिनियम' यांपाशी तो थबकतो. हे काम ज्याने नीट केले तो वकील पुराव्याविषयी जे शिकतो, ते व्याख्यानातून मिळणे अवघड आहे.

विधी महाविद्यालयांना साहाय्य केंद्र चालविण्याचे बंधन २००८ च्या नियमांनी घातले आहे. म्हणजे सनद मिळण्यापूर्वी सेवा हा शिक्षणाचा भाग आणि सनद मिळताच निव्वळ परोपकार, अशी ही विचित्र विभागणी! ती मिटवावयाची तर श्रेयांक हजेरीपटावरून देता येणार नाहीत. मूळ तोंडी कथन, त्यावरून केलेला लेखी मसुदा आणि तो वाचून दाखविल्यावर अशिलाने सुचविलेल्या दुरुस्त्या, एवढे कागद अशिलाच्या संमतीने व त्याचे नाव झाकून एखाद्या अनुभवी वकिलाने तपासावेत. विधी सेवा संस्थांत अशा देखरेखीसाठी समित्यांची तरतूद २०१० च्या विनियमांत आहेच. शिबिरात दोन तास बसून नोंदवहीत सही करणाऱ्याच्या खात्यावर मात्र या हिशेबाने काहीही जमा होणार नाही.