'सिग्नल इंटिग्रिटी' व 'पॉवर इंटिग्रिटी' : प्रतिशब्दांचा विचार

अतिवेगवान इलेक्ट्रॉनिक जोडण्यांच्या शास्त्रात 'सिग्नल इंटिग्रिटी' आणि 'पॉवर इंटिग्रिटी' या संज्ञा जोडीने येतात. इंग्रजीत दोहोंस एकच पद असल्यामुळे मराठीतही एकच योजावे, असे परिभाषाकारास वाटणे साहजिक आहे; आणि मग 'संकेत-अखंडता' व 'शक्ति-अखंडता' हे शब्द हाताशी तयारच असतात. वस्तुतः हे दोन्ही शब्द अभ्यासकाची दिशाभूल करणारे आहेत.

जे तुटले नाही ते अखंड. परंतु येथे तुटण्याचा प्रश्नच नाही. संगणकातील पीसीआय एक्सप्रेस या जोडणीच्या पाचव्या आवृत्तीत एका मार्गिकेवरून सेकंदाला ३२ अब्ज बिट जातात. एका बिटाच्या वाट्यास सुमारे ३१ पिकोसेकंद येतात. काचतंतू व एपॉक्सी यांच्या नेहमीच्या फलकात विद्युत् तरंगाचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या निम्म्याच्या आसपास असतो. म्हणजे एक बिट तांब्याच्या पट्टीवर जेमतेम अर्धा सेंटिमीटर जागा व्यापतो. मागचा बिट पुढच्यात मिसळतो. संरोध जेथे बदलतो तेथून तरंगाचा काही अंश परत फिरतो. शेजारच्या पट्टीवरील हालचालीचा ठसाही उमटतो. या आवृत्तीत १६ गिगाहर्ट्झला सुमारे ३६ डेसिबलपर्यंतचा क्षय गृहीतच धरलेला आहे. त्या वारंवारतेचा आयाम यामुळे साठाव्या हिश्शावर येतो. असा संकेत अखंड राहत नाही, आणि राहावा अशी अपेक्षाही नाही. पलीकडच्या टोकास शून्य आणि एक यांतील भेद ओळखता यावा, एवढीच अट आहे.

भाषेच्या अभ्यासकास हा विचार नवा नाही. ध्वनीचे मूल्य त्याच्या शुद्ध रूपात नसून इतर ध्वनींपासून असलेल्या भेदात असते, हे सोस्यूरच्या १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांपासून सर्वमान्य आहे. गोंदिया जिल्ह्यातील कोहमारा हे गाव झाडीबोलीच्या मुलखातले. त्या बोलीत 'पाणी'चे 'पानी' होते, 'डोळा'चा 'डोरा' होतो. म्हणून शब्द खंडित झाला असे कोणी म्हणत नाही. 'मण' आणि 'मन' यांतील भेद उच्चारात बुजला, तरी ऐकणारा तो वाक्यावरून भरून काढतो. यंत्रातील ग्राहकास असे वाक्य उपलब्ध नसते. त्याला जादा बिटांची जोड द्यावी लागते. २०२२ साली आलेल्या सहाव्या आवृत्तीत दोनाऐवजी चार पातळ्या योजल्या, तेव्हा नेमकी अशीच दोषसुधारणेची तरतूद करावी लागली. संकेताच्या आलेखात जी डोळ्यासारखी मोकळी जागा दिसते, ती एकीच्या तीन झाल्या आणि प्रत्येकीची उंची तिसऱ्या हिश्शावर आली. (या त्रिनेत्राचा एखादा डोळा मिटला, तरी वाचन फसते.)

'शक्ति-अखंडता' हा शब्द तर याहूनही सदोष आहे. तेथे प्रश्न शक्तीचा नसून दाबाच्या स्थैर्याचा आहे. एक व्होल्टच्या पुरवठ्यात पाच टक्के चढउतार चालतो असे मानू, आणि चिपने एकाएकी ५० अँपिअर मागितले असे धरू. तर पुरवठ्याचा संरोध एक मिलिओहमपेक्षा अधिक असून चालणार नाही, आणि तोही विस्तृत वारंवारता-पट्ट्यात. धारित्रे चिपच्या अगदी जवळ बसवतात ती यासाठीच. पुरवठा डळमळला की संकेताची वेळही डळमळते. दोन्ही विषय जोडीने येतात ते या कारणाने.

'ग्राउंड'साठी 'भूमी' हा शब्द वापरल्याने होणारी हानी सर्वांत मोठी आहे. फलकावर भूमी नसतेच. असतो तो तांब्याचा एक थर, आणि प्रवाह त्यातूनच परततो. त्या थरात चीर ठेवली की प्रवाहाला वळसा पडतो आणि ज्याला शून्य मानले ते शून्यच हलू लागते. भूमी अचल असते या विश्वासाने वाचणारा विद्यार्थी ही चूक शोधण्यासाठी तिकडे पाहणारही नाही.

एका इंग्रजी धातूस एकच संस्कृत धातू ही डॉ. रघुवीरांची पद्धती. नागपुरात बसून त्यांनी जुन्या मध्यप्रदेशासाठी जी परिभाषा घडविली, तिच्या कक्षेत १९५६ पर्यंत कोहमाराही होते. त्या पद्धतीने पदांची कुळे सुसंगत राहतात, हे खरे. पण येथे एकाच पदाखाली दोन भिन्न अर्थ नांदतात. म्हणून पहिल्यास 'संकेत-सुवाच्यता' आणि दुसऱ्यास 'पुरवठा-स्थैर्य' म्हणणे अधिक युक्त होय. इंग्रजीतील जोडी त्यामुळे मोडते, ती मोडू द्यावी. 'ग्राउंड'ला मात्र एका शब्दाने भागणार नाही : दाब मोजताना 'संदर्भ-पातळी' आणि प्रवाहाचा विचार करताना 'परतवाट', असे दोन शब्द ठेवावे लागतील.