सामाईक अवयव ‘काढतो’ म्हणजे काय करतो?

बीजगणिताच्या शालेय पुस्तकांत अवयव पाडण्याचे प्रकरण बहुधा एकाच साच्याचे असते. आधी व्याख्या, मग ‘सर्व पदांतील सामाईक अवयव शोधा, तो कंसाबाहेर काढा, उरलेले कंसात लिहा’ ही कृती, दोन-तीन सोडवलेली उदाहरणे आणि शेवटी उदाहरणसंग्रह. उदाहरणे सोप्याकडून अवघडाकडे जातात, सरावही भरपूर होतो. त्याबद्दल आमची तक्रार नाही. आमचे आक्षेप दोन आहेत.

पहिला आक्षेप भाषेवर आहे. ‘काढणे’ म्हटले की डब्यातून वस्तू काढल्याचे चित्र डोळ्यांसमोर येते. वस्तू काढली की जागा रिकामी! म्हणूनच ६अ + ३ चे अवयव पुष्कळ मुले ३(२अ) असे पाडतात. तीनातून तीन काढले, मग तिथे काय उरणार? ही चूक निष्काळजीपणाची नाही. शब्द जसा ऐकला तसा केलेला तो सरळ विचार आहे. प्रत्यक्षात आपण प्रत्येक पदाला ३ ने भागत असतो, आणि ३ ÷ ३ = १ असल्यामुळे उत्तर ३(२अ + १) येते. ‘एक लिहायला विसरू नका’ असे नुसते बजावल्याने हे कळत नाही.

ते चित्राने चटकन कळते. ३ रुंदीचे दोन आयत काढा, एकाची लांबी २अ आणि दुसऱ्याची १. सारख्या बाजूने ते जोडले की ३ रुंद आणि २अ + १ लांब असा एकच आयत होतो. शेवटची चिंचोळी पट्टी डोळ्यांसमोर असताना तिला कोणी शून्य म्हणणार नाही. शिवाय अ = ५ घेऊन पडताळा पाहावा. मूळ राशीची किंमत ३३ येते, ३(२अ) ची ३० आणि ३(२अ + १) ची ३३. आपली चूक आपणच पकडण्याचे हे साधन उदाहरणसंग्रहात क्वचितच मागितलेले असते.

मुळात ही रीत म्हणजे वितरणाचा नियम उलट दिशेने वाचणे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) १३५ ला १२ ने गुणण्याचे उदाहरण आहे आणि गुणकाचे तुकडे पाडून गुणण्याची रीतही आहे. १२ चे ८ आणि ४ असे तुकडे केले तर १३५ × १२ = १३५ × ८ + १३५ × ४. हीच ओळ उजवीकडून डावीकडे वाचली की १३५ हा सामाईक अवयव ‘निघतो’. अंकगणितातला हा ओळखीचा रस्ता सोडून एकदम अक्षरांपाशी जाण्याची घाई कशासाठी?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अवयव कशासाठी पाडायचे, हे प्रकरण सांगतच नाही. क्ष² + क्ष ही राशी घ्या. क्षच्या जागी १, २, ३, ७ घातले की २, ६, १२, ५६ मिळतात. सगळ्या समसंख्या! असे नेहमीच होईल का? बेरजेकडे पाहून चटकन सांगता येत नाही. क्ष(क्ष + १) असे लिहिताच दिसते की हा लागोपाठच्या दोन संख्यांचा गुणाकार आहे आणि त्यांतली एक सम असणारच. राशी तीच, पण नव्या रूपाने लपलेली गोष्ट उघड केली.

हे न कळल्याची किंमत पुढे दहावीत मोजावी लागते. क्ष² = ५क्ष हे समीकरण दिसताच मुले दोन्ही बाजूंना क्षने भागतात आणि क्ष = ५ लिहून मोकळी होतात. क्ष(क्ष – ५) = ० असे लिहिले तर गुणाकार शून्य म्हणजे एक तरी अवयव शून्य, हे ध्यानात येते आणि हरवलेले ० हे उत्तरही सापडते.

वेळ अपुरा आणि अभ्यासक्रम मोठा, हे आम्हांला मान्य आहे. म्हणून भर न घालता अदलाबदल सुचवतो. वीस सारख्या उदाहरणांतली चार गाळावीत. त्यांच्या जागी एक आयत काढायला, एक किंमत घालून पडताळायला, एक दुसऱ्याने केलेली चूक शोधायला आणि एक ‘असे नेहमीच का होते?’ हे सांगायला द्यावे. उरलेली सोळा उदाहरणे मग मुले समजून सोडवतील.