‘इंडस’ : विज्ञानकथा किती, नेमबाजी किती?

मे महिन्यातली नागपूरची दुपार. बाहेर पारा ४५ अंशांच्या आसपास, खोलीत कूलरची घरघर आणि दिवाणावर आडवा पडलेला आमचा दहावीत गेलेला पुतण्या मोबाइलच्या पडद्यावर अंगठे नाचवीत होता. एकदम तो ओरडला, “मी पहिले मारली होती त्याला! मीच कसा मेलो, काका?” तो खेळत होता तो गोळीबाराचा खेळ कोणता, हे येथे महत्त्वाचे नाही. अशी तक्रार या जातीच्या प्रत्येक खेळात ऐकू येते. तिचे उत्तर आम्ही पुढे देणार आहोत.

त्याच आठवड्यात शाळेत विज्ञान शिकवणारे आमचे एक स्नेही घरी आले होते. ते म्हणाले, “पोरं म्हणतात, आता आपल्याकडचाच एक गोळीबाराचा खेळ आलाय, आणि तो म्हणे विज्ञानकथाच आहे. तुम्ही संशोधनातली माणसं. जरा पाहून सांगा, यात विज्ञान आहे की नुसताच धडधडाट?” प्रश्न रास्त होता. या खेळांवर बंदी घाला म्हणणारे पुष्कळ भेटतात, त्यांची वारेमाप स्तुती करणारेही भेटतात. पण एखाद्या विज्ञानकथेचे परीक्षण करावे तसे त्यांचे परीक्षण कोणी करीत नाही. ते आम्ही येथे करून पाहत आहोत.

खेळ आहे तरी काय?

‘इंडस’ हा खेळ पुण्याच्या सुपरगेमिंग या कंपनीने तयार केला. याच कंपनीचा ‘मास्कगन’ हा नेमबाजीचा खेळ आधीपासून मुलांना ठाऊक होता. ‘इंडस’ची घोषणा २०२२ साली झाली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये तो मोबाइलवर सर्वांसाठी खुला झाला. मधल्या काळाची पार्श्वभूमीही ध्यानात घ्यायला हवी. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने ‘पब्जी मोबाइल’वर बंदी घातली, तेव्हा आपल्याकडे असा खेळ का होऊ शकत नाही, हा प्रश्न मुलांइतकाच तंत्रज्ञांनाही पडला होता.

खेळाची जात ‘बॅटल रॉयल’. अनेक खेळाडू एका विस्तीर्ण प्रदेशात उतरतात, शस्त्रे शोधतात आणि एकमेकांना बाद करतात. सुरक्षित वर्तुळ हळूहळू आकसत जाते आणि शेवटी उरेल तो जिंकतो. ‘इंडस’मध्ये हा प्रदेश म्हणजे ‘विरलोक’ नावाचे परके जग. तेथे ‘कॉस्मियम’ नावाचे अतिशय मौल्यवान खनिज आहे आणि ते मिळवायला खेळाडू येतात. पात्रांची नावे सर-ताज, मोरनी, बिग-गज, पोखरण अशी. भारतीय रूपरंगातले भविष्य दाखवायचे, ही कर्त्यांची जाहीर भूमिका आहे.

जमेची बाजू

आधी श्रेय द्यावे. हातात मावणाऱ्या यंत्रावर त्रिमितीय जग उभे करायचे, ते सेकंदाला निदान ३० वेळा नव्याने रेखाटायचे, त्याच वेळी दूरदूरच्या अनेक खेळाडूंच्या हालचाली जुळवून घ्यायच्या, हे काम सोपे नाही. त्यात भूमिती, सदिशांचे गणित, प्रकाशाच्या परावर्तनाचे नियम आणि संख्याशास्त्र यांचा कस लागतो. असे काम आपल्या राज्यात होते, ही गोष्ट आम्हांला मोलाची वाटते. ‘सदिशांचा उपयोग काय?’ असे विचारणाऱ्या अकरावीच्या विद्यार्थ्याला शिक्षकांनी हे उदाहरण बेलाशक द्यावे.

दुसरी जमेची बाजू खेळाच्या रचनेत आहे. बॅटल रॉयलचा एक जुना दोष असा, की कोपऱ्यात दडून बसणे हाच पुष्कळदा सर्वांत फायद्याचा डाव ठरतो. ‘इंडस’ने येथे एक चांगली कल्पना लढवली. अखेरच्या टप्प्यात कॉस्मियम प्रकट होते आणि ते ताब्यात घेणाराही विजयी होतो. म्हणजे इतर सर्वांना मारणे हा जिंकण्याचा एकच मार्ग उरत नाही. दडून राहावे तर दुसरा कोणी कॉस्मियम नेईल. पुढे व्हावे तर सर्वांच्या नजरेत येऊ. गणितात स्पर्धकांच्या निर्णयांचा अभ्यास करणारी एक शाखाच आहे. तिच्यातला हा पेच मुले अंगठ्यांनी सोडवीत असतात. ही भर मोलाची आहे.

आता खनिजाकडे

मात्र विज्ञानकथा म्हटले की आमच्या अपेक्षा बदलतात. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला डॉ. जयंत नारळीकरांनी ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली आणि ती पहिली आली. तेव्हापासून मराठी वाचकाला एक सवय लागली आहे : कथेतून विज्ञान काढून घेतले तर ती कोसळली पाहिजे. कोसळली नाही, तर ते विज्ञान केवळ वेलबुट्टी होते. लेखकाने एक अशक्य गोष्ट गृहीत धरावी, त्याला आमची हरकत नाही. पण त्यानंतरचे सारे नियमाने चालावे.

ही कसोटी कॉस्मियमला लावून पाहू. पहिली अडचण नावापासून. ‘-इयम’ हा प्रत्यय रसायनशास्त्रात बहुतांशी मूलद्रव्यांना लागतो : सोडियम, रेडियम, युरेनियम. खनिजांची नावे बहुधा ‘-आइट’ने संपतात : हेमटाइट, बॉक्साइट, ग्राफाइट. मग कॉस्मियम हे मूलद्रव्य की खनिज? मूलद्रव्य असेल तर आवर्तसारणीत त्याची जागा कोठे? खनिज असेल तर ते कशाचे संयुग? एवढी बारीक चिकित्सा खेळाबाबत कशाला, असे कोणी म्हणेल. पण प्रश्न नावापुरता नाही. कॉस्मियमच्या जागी सोन्याचा हंडा किंवा राजमुकुट ठेवला, तर खेळातली एकही चाल बदलत नाही. आमच्या कसोटीनुसार ते विज्ञान नव्हे.

आम्हा नागपूरकरांना हे अधिक खटकते, कारण खनिज म्हणजे काय हे आम्हांला पुस्तकात शोधावे लागत नाही. रामटेकच्या वाटेवर मनसरला मँगनीजच्या खाणी आहेत, उमरेडला कोळसा आहे आणि भारतीय खाण ब्यूरोचे मुख्यालय नागपुरातच आहे. मध्य भारतातल्या मँगनीजयुक्त खडकांच्या एका प्रकाराला फर्मर या भूवैज्ञानिकाने ‘गोंडाइट’ हे नाव दिले, ते येथल्या गोंड जमातीवरून. खरे खनिज चमकत समोर येऊन उभे राहत नाही. खडकांचे थर वाचावे लागतात, छिद्रे पाडून नमुने काढावे लागतात आणि त्यांत किती टक्के धातू आहे ते तपासावे लागते. एखाद्या खेळाडूला घनतेतला किंवा चुंबकत्वातला फरक ओळखून कॉस्मियमची जागा आधीच ताडता आली असती, तर? ज्याचे भूशास्त्र पक्के तो जिंकला असता! गोंडाइटसारखे नाव ज्या मातीत जन्मले, तेथल्या कल्पनाशक्तीला हे अशक्य नव्हते.

पात्रांबाबतही तेच. मोरनी हे नाव सुरेख आहे. मोरपिसाचा निळा-हिरवा रंग हा निळ्या रंगद्रव्याचा नसतो. पिसातल्या अतिसूक्ष्म रचनेमुळे ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश आपल्याकडे परावर्तित होतो आणि पाहण्याचा कोन बदलला की छटा बदलते. ज्या कोनातून पाहाल त्यानुसार दिसणारे किंवा न दिसणारे पात्र ही केवढी विज्ञाननिष्ठ आणि अस्सल भारतीय कल्पना झाली असती! भविष्याला भारतीय करायचे तर ते केवळ वेशभूषेने आणि नावांनी होणार नाही.

१९६२ सालची एक आठवण

‘खेळात एवढे विज्ञान मावत नाही’ असा बचाव कोणी करील. त्याला इतिहास पुरावा देत नाही. १९६२ साली अमेरिकेतल्या एम.आय.टी.मध्ये काही तरुणांनी ‘स्पेसवॉर’ नावाचा खेळ पीडीपी-१ या संगणकावर रचला. दोन अवकाशयाने एकमेकांवर मारा करतात, एवढीच कथा. म्हणजे आजच्या साऱ्या अवकाश-नेमबाजीचा हा पूर्वज. त्या संगणकाची मूळ स्मृती १८ बिटांच्या ४०९६ शब्दांची, म्हणजे सुमारे ९ किलोबाइट. आज ४ गिगाबाइट स्मृतीचा साधा मोबाइल त्याच्या चार लाख पटींहून मोठा आहे. तरीही त्या खेळात मध्यभागी एक तारा होता, त्याचे गुरुत्वाकर्षण होते आणि याने जडत्वाच्या नियमाने चालत. इंजिन बंद केले तरी यान थांबत नसे. ताऱ्याच्या ओढीचा उपयोग करून वळसा घेणारा खेळाडू सरस ठरे. पार्श्वभूमीला आकाशातले तारे खऱ्या स्थानांनुसार मांडलेले होते. संगणकाची ताकद अपुरी पडल्यामुळे पाणतीरांना मात्र गुरुत्वाकर्षण लावता आले नाही.

२००४ सालच्या ‘हाफ-लाइफ २’मध्येही फळीच्या एका टोकावर विटा रचून दुसऱ्या टोकावरून वर चढायचे असते, म्हणजे तरफेचा नियम वापरावाच लागतो. त्या मालिकेचा नायक गॉर्डन फ्रीमन हा तर सैद्धांतिक भौतिकीतला डॉक्टरेट! बिचाऱ्याच्या हाती समीकरणांपेक्षा पहारच अधिक वेळ असते, ही गोष्ट वेगळी.

सांगायचे ते असे, की नियम हाच खेळाचा आनंद होऊ शकतो. ‘इंडस’च्या कर्त्यांकडे साधने त्या तरुणांपेक्षा कितीतरी अधिक होती. म्हणूनच आमची निराशाही अधिक.

सूड आणि संयम

आणखी एक गोष्ट आम्हांला बोचली. ज्याने आपल्याला बाद केले, त्याच्यावर पुढच्या डावात सूड उगवण्याची सोय ‘इंडस’मध्ये आहे आणि तिचे नावच ‘ग्रज’ म्हणजे डूख. खेळात हार-जीत असतेच. पण कबड्डीत बाद झालेला गडी पुढे डूख धरत नाही, हे आपण मैदानावर शिकवतो. डूख धरणे ही येथे खेळाची एक सोयच होऊन बसते.

अशा खेळांमुळे मुले हिंसक होतात का, या प्रश्नाचे उत्तर मात्र सावधपणे द्यायला हवे. अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेने २०२० साली म्हटले, की ओरडणे, ढकलणे अशा आक्रमक वर्तनाशी या खेळांचा थोडासा संबंध दिसतो; पण प्रत्यक्ष हिंसाचाराशी संबंध जोडण्याइतका पुरावा नाही. दुसरीकडे, ग्रीन आणि बॅव्हेलियर यांनी २००३ साली ‘नेचर’मध्ये दाखवले, की असे खेळ खेळणाऱ्यांची दृष्टीची अवधानक्षमता सुधारते. आणि जागतिक आरोग्य संघटनेने खेळावरचा ताबा सुटण्याच्या अवस्थेला आजारांच्या वर्गीकरणात स्थान दिले, हेही खरे. तात्पर्य, खेळाकडे डोळे वटारण्यापेक्षा घड्याळाकडे लक्ष द्यावे.

‘मी पहिले मारली होती!’

आता पुतण्याच्या तक्रारीकडे वळू. समजा, खेळाचा मध्यवर्ती संगणक मुंबईत आहे. नागपूर-मुंबई हवाई अंतर सुमारे ७०० किलोमीटर. काचतंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे संदेश जाऊन उत्तर यायला किमान ७ मिलिसेकंद लागणारच. प्रत्यक्षात मार्ग सरळ नसतो, मनोरे आणि जोडयंत्रे वेळ खातात. समजा, एकूण ५० मिलिसेकंद लागले. सेकंदाला ६ मीटर धावणारा प्रतिस्पर्धी तेवढ्यात ३० सेंटिमीटर सरकतो, म्हणजे डोक्याच्या रुंदीहून अधिक! तुमच्या पडद्यावर तो जेथे दिसतो, तेथे तो आता नाहीच. दोघांनाही आपणच आधी गोळी मारली असे वाटते आणि दोघेही खोटे बोलत नसतात. कोणाचे ‘आधी’ खरे धरायचे, हे मधला संगणक ठरवतो. आकाशात आपण पाहतो तो तारा जुना असतो, हे वाक्य दरवर्षी पाठ करणाऱ्या मुलाला ही गोष्ट त्याच्या खेळातून सांगितली, तर ती जन्मभर विसरणार नाही.

आकसणाऱ्या वर्तुळाचेही असेच. त्रिज्या निम्मी झाली की क्षेत्रफळ चौथ्या हिश्शावर येते, म्हणजे तेवढेच खेळाडू चौपट दाटीने उभे राहतात. शेवटी एकदम गर्दी का उसळते, याचे उत्तर वर्तुळाच्या क्षेत्रफळाच्या सूत्रात आहे.

आणि एक प्रयोग. विरलोकावर गुरुत्वीय त्वरण किती? पात्राची उंची १.७ मीटर धरून एखाद्या छपराची उंची अंदाजा. पात्राला खाली उडी मारायला लावा, त्याचे चित्रण करा आणि वेळ मोजा. छप्पर ६ मीटर उंच असेल, तर पृथ्वीवर १.१ सेकंद लागतील, मंगळावर १.८. खेळात ०.८ सेकंद भरला, तर त्या जगाचे त्वरण १९ च्या जवळ, म्हणजे पृथ्वीच्या जवळजवळ दुप्पट! तेवढ्या ओढीत पात्राने मग एवढ्या सहज धावावे का, हा पुढचा प्रश्न मुलेच विचारतील.

आम्ही हे पुतण्याला सांगितले. तो काही वेळ गप्प बसला आणि मग मोबाइल बाजूला ठेवून त्याने मोजपट्टी कोठे आहे असे विचारले. तो पट्टी घेऊन पडद्यावरच्या भिंतीची उंची मोजू लागला.

आमच्या स्नेह्यांना आमचे उत्तर असे आहे : ‘इंडस’ हा कसबी मंडळींनी केलेला खेळ आहे, त्यातली कॉस्मियमची चाल खरोखरच चतुर आहे; पण विज्ञानकथा म्हणून तो अजून नाव आणि पोशाख यांच्यापुढे गेलेला नाही. जे विज्ञान कर्त्यांनी त्यात घातले नाही, ते शिक्षक काढून दाखवू शकतात. आणि आज वर्गात त्वरण मोजणाऱ्या मुलांपैकीच कोणीतरी उद्या असा खेळ रचील, की ज्यात कॉस्मियम शोधायला नकाशावरची खूण नव्हे, तर भूशास्त्र लागेल.