शुद्ध कल्याणच्या दोन टेपा

(घोटी येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली रूपे शक्यतो तशीच ठेवली आहेत.)

पत्रिकेवर आजचा विषय 'खासगी ध्वनिमुद्रणे आणि कलावंताचे वय' असा छापलाय. तो जरा जड झालाय, म्हणून आधी सोपा करून सांगतो. भीमसेन जोशींचं चाळिशीतलं गाणं आणि सत्तरीनंतरचं गाणं, दोन्ही मैफलीत बसून कुणी तरी मुद्रित केलेलं, आज सहज ऐकायला मिळतं. चार रसिक जमले की त्यावरून वाद होतो. एक म्हणतो, खरा भीमसेन साठच्या दशकातला, पुढे नुसतं नाव गात होतं. दुसरा म्हणतो, छे, उतारवयात गाणं पिकलं. मला हे दोघंही घाईत वाटतात. ती घाई नेमकी कुठे होते, ते बघायचं आहे.

आपल्याकडे अशा मुद्रणाला नुसतं 'प्रायव्हेट' म्हणतात. 'तुमच्याकडे अमक्यांचं प्रायव्हेट आहे का?' ज्यानं विचारलं आणि ज्याला विचारलं, दोघांनाही कळतं. पश्चिमेत रॉक संगीतवाले त्याला बूटलेग म्हणतात. बुटात लपवून नेलेल्या दारूवरून आलेला शब्द. पण ही खोड रॉकपेक्षा जुनी आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरात लायोनेल मेपल्सन नावाचा ग्रंथपाल होता. त्यानं १९०० नंतरच्या तीन-चार वर्षांत एडिसनच्या यंत्रावर, मेणाच्या नळकांड्यांवर, चालू प्रयोगाचे तुकडे टिपले. आवाज दळणातून आल्यासारखा येतो, पण येतो. पुढे अमेरिकेतल्या ग्रेटफुल डेड या बँडनं तर आपल्या श्रोत्यांना मुद्रणाची मोकळीकच दिली. १९८४ साली टेपवाल्यांसाठी वेगळी जागा राखली. तिथं लोक एकच गाणं तीस वर्षांत कसकसं बदललं ते वर्षवार लावून ऐकतात. आपल्याकडे ख्यालाला तर हे जास्तच लागू. कारण ख्याल तबकडीत मावतच नव्हता. अठ्ठ्याहत्तरच्या तबकडीची एक बाजू जेमतेम साडेतीन मिनिटांची, एलपीची वीस-बावीस. विलंबित एकतालाचं एक आवर्तनच मिनिटभर चालतं, मग हिशेब करा. गायक मैफलीत काय करत होता, याचा पुरावा 'प्रायव्हेट'मध्येच आहे.

आता भीमसेनच का? कारण तुलना करायची तर बाकीच्या गोष्टी शक्य तेवढ्या सारख्या हव्यात. कुमार गंधर्वांचं उदाहरण मोठं मोहाचं आहे. १९४७च्या सुमारास क्षयानं गाठलं, देवासला गेले, पाच-सहा वर्षं गाणं बंद, आणि परत आले ते वेगळाच आवाज घेऊन. पण तिथं आधी-नंतर मधला फरक वयाचा नाहीच, फुप्फुसाचा आहे. केसरबाई केरकरांनी साठच्या दशकात जाहीर गाणं थांबवलं. उतरता काळ लोकांच्या हाती दिलाच नाही. भीमसेन मात्र गात राहिले. जन्म १९२२, गदगचा. गुरू सवाई गंधर्व १९५२ मध्ये गेले, १९५३ पासून पुण्यात त्यांच्या नावाचा महोत्सव सुरू झाला, आणि त्याच महोत्सवात २००७ पर्यंत भीमसेनांचं गाणं झालं. पन्नासहून अधिक वर्षं, तोच महोत्सव, आणि राग तेच डझन-दीड डझन. पूरिया, मारवा, मुलतानी, दरबारी, तोडी, शुद्ध कल्याण. रागांची ही मोजकी यादी हा त्यांच्यावरचा जुना आक्षेप आहे, आणि मला तो मान्य आहे. पण तुलना करणाऱ्याला ती पर्वणीच आहे.

न्यायदर्शनात परिशेष नावाचं एक अनुमान सांगतात. जे जे कारण नाही ते ते काढून टाकायचं, उरेल ते कारण. माझ्याजवळ शुद्ध कल्याणच्या दोन टेपा आहेत. एक मूळ स्पूलवरची, पुढे कॅसेटवर उतरवलेली. डबीवर गावाचं नाव आणि '६० नंतर' एवढंच. दुसरी नव्वदीच्या दशकातली, थेट कॅसेटवर. दोन्ही मला एका जुन्या स्नेह्याकडून मिळाल्या. त्या लागोपाठ लावल्या की पहिल्यांदा वाटतं, हे दोन निराळे गवई आहेत. पहिला धावतो, दुसरा चालतो. आता यातून वजाबाकी करू.

पहिली वजाबाकी यंत्राची. ही कुणी करतच नाही. स्पूलचं यंत्र मुद्रणाच्या वेळी किंचित हळू फिरलं आणि ऐकताना बरोबर फिरलं, की गाणं जलद होतं आणि स्वर चढतो. सहा टक्के फरक पडला तर पट्टी अर्ध्या स्वरानं वर जाते, आणि साठ सेकंदांचं आवर्तन साडेतीन सेकंदांनी आखूड होतं. म्हणजे यंत्राच्या चुकीनं माणूस तरुण होतो! (हशा) हसू नका, असे तरुण झालेले पुष्कळ गवई तुमच्या-आमच्या संग्रहात आहेत. याला एक उपाय आहे. आपल्या विजेचा पन्नास हर्ट्झचा घुमारा टेपेत बारीक आवाजात उतरलेला असतो. साध्या संगणकावर तो मोजता येतो. पन्नासच्या जागी त्रेपन्न आला तर टेप जोरात पळतेय. अडचण एवढीच की नक्कल करताना दुसऱ्या यंत्राचा घुमाराही त्यात मिसळतो, तेव्हा दोन घुमारे सापडतात आणि त्यातला मूळचा कोणता ते ओळखावं लागतं. माझ्या पहिल्या टेपेत असे दोन निघाले. वेग दुरुस्त केल्यावर पहिल्या टेपेचा धावरेपणा बराच निवला. सगळा नाही, पण बराच.

डबीवरच्या अक्षरांवरही विश्वास ठेवू नये. बॉब डिलनचा १९६६चा एक कार्यक्रम कित्येक वर्षं लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलचा म्हणून फिरत होता. तो निघाला मँचेस्टरचा. सगळी टीका, सगळं कौतुक चुकीच्या सभागृहाच्या नावावर लिहिलं गेलं होतं.

दुसरी वजाबाकी जागेची. पहिल्या टेपेत शंभर-सव्वाशे माणसं असावीत. खोकला कुणाचा ते ओळखीच्या माणसाला कळेल इतकं जवळ. 'वाहवा' येते ती समेच्या आधीच, म्हणजे ऐकणाऱ्याला पुढचं दिसतंय. दुसरी टेप मांडवातली आहे. आवाज कर्ण्यांतून फिरून येतो, टाळ्या एकदम हजारोंच्या. मांडवात गायक बारीक काम करत नाही, करूच शकत नाही. मंद्रातल्या निषादावरून षड्जावर यायची जी घासून केलेली मींड, ती पाचशे फुटांवरच्या माणसाला पोचत नाही. त्याला पोचते तान आणि तार षड्ज. मला वाटतं, भीमसेनांच्या गाण्यात मधल्या काळात जो जोर-जोर आला, ज्याला आपण त्यांची शैलीच समजतो, त्याचं निम्मं श्रेय आणि निम्मा दोष मांडवाचा आहे. हे मी आदर ठेवूनच म्हणतो. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या काही टेपांत ते रागाला उचलून आपटतात. लोक खूश होतात, तीच टाळी पुढच्या वर्षी पुन्हा हवी असते. संतवाणीच्या कार्यक्रमांनी त्यांना घराघरात नेलं, ते उत्तमच झालं, पण ख्यालाच्या टेपेत त्या गर्दीचा आवाज मागाहून ऐकू येतो.

तिसरी घड्याळाची. सवाईचा महोत्सव पूर्वी रात्रभर चालायचा. पहाटेचा राग खरोखर पहाटे, थंडीत, रग गुंडाळून बसलेल्या माणसांपुढे. ध्वनिक्षेपकाला रात्री दहाची मर्यादा आली आणि ते गेलं. वेळ ठरलेली असली की गायक आधीच मनात हिशेब करतो. हे वय नव्हे, वेळापत्रक आहे. याबद्दल याहून जास्त बोलण्यासारखं नाही.

आता उरलं काय? इथं मला जरा थांबायचंय.

शुद्ध कल्याण हा चढताना भूपासारखा पाच स्वरांचा, आणि उतरताना निषाद-मध्यमाला मींडेतून स्पर्श करणारा. किराणा घराण्यात त्या मंद्र निषादाचं प्रस्थ जास्त. तिथं बसायला खालचा आवाज लागतो, आणि धीर. पहिल्या टेपेत भीमसेन मंद्रात जातात, पण तिथं राहत नाहीत. जाऊन आलो, असं दाखवतात. त्यांना वर जायचंय. गंधार पकडला की तो इतका भरून लागतो की तंबोरे क्षणभर ऐकूच येत नाहीत. आणि मग तो श्वास! दीड आवर्तनाची तान एका दमात, ती संपते असं वाटतं तिथं परत वळते. ती ऐकताना मला दर वेळी भीती वाटते की आता तुटणार. तुटत नाही. तरुणपणाचा हा गुण वजाबाकीनंतरही शिल्लक राहतो, आणि दुसऱ्या टेपेत तो नाही. नाही म्हणजे नाही. 'पुढे परिपक्वता आली' असं म्हणून आपण ही उणीव झाकतो, ते मला पटत नाही. म्हातारपणात काही गोष्टी जातात. मी सत्तरी ओलांडलीय, मला कुणी समजवायला नको.

पण दुसऱ्या टेपेत दुसरंच काही आहे. श्वास आखूड झालाय. म्हणून वाक्यं आखूड झालीत. तान दोन-तीन तुकड्यांत येते. प्रत्येक तुकड्यानंतर जी जागा मोकळी सुटते, तिथं पूर्वी ते दुसरी तान भरायचे. आता तिथं तंबोरा आहे. मंद्र निषादावर ते बसतात, आवर्तनच्या आवर्तनं. आवाज खरखरीत झालाय, एका ठिकाणी स्वर किंचित उतरतो, ते सरळ तो पुन्हा घेतात, लपवत नाहीत. पंचविसाव्या मिनिटाला, माझ्या प्रतीत, ते रिषभावरून षड्जावर येण्याआधी थांबतात. पहिल्या टेपेत अशा जागी ते दहा गोष्टी करू शकले असते आणि पाच तरी केल्या असत्या. इथं ते एक करतात. मला ही निवड ऐकायला मिळते. निवड दिसायला पर्याय कमी व्हावे लागतात की काय, असा प्रश्न मला पडतो. माझ्याकडे त्याचं पक्कं उत्तर नाही, कारण मल्लिकार्जुन मन्सूर उलट साक्ष देतात. त्यांचं उतारवयातलं गाणं ऐका. तिथं पर्याय कमी झालेत असं क्षणभरही वाटत नाही. दुर्मिळ रागांच्या गुंत्यात ते पोरासारखे शिरतात.

इथं घोटीत भाताच्या गिरण्या आहेत, तुम्हाला सांगायला नको. नव्या इंद्रायणीला वास असतो आणि भात चिकट होतो. जुना तांदूळ मोकळा शिजतो आणि वास गेलेला असतो. दुकानदार विचारतो, 'कशासाठी हवाय?' टेपेच्या बाबतीत आपण ते विचारत नाही.

आता तत्त्वज्ञानाच्या मास्तराला राहवत नाही म्हणून थोडं. नैयायिक म्हणतात, 'तोच हा देवदत्त' असं आपण ओळखतो, म्हणजे देवदत्त टिकून आहे. बौद्ध म्हणतात, कापलेली नखं पुन्हा वाढतात आणि आपण 'तीच नखं' म्हणतो, साम्यानं फसतो. या दोन टेपांत तोच गायक आहे का? सुरुवातीच्या 'आ'कारातच आपण ओळखतो, दुमत होत नाही. पण कशावरून ओळखतो? आवाजावरून म्हणावं तर तो बदललाय. तानेवरून म्हणावं तर ती तुटलीय. मी पुष्कळदा ऐकून या निष्कर्षाला आलोय की षड्जाकडे परतण्याची त्यांची एक रीत आहे, थोडी उशिरा, खालून टेकवत. ती दोन्हीकडे तंतोतंत तीच आहे. बौद्धांचं नख इथं अडतं, असं माझं मत. नखाला परत यायची रीत नसते.

आणखी एक. हे ऐकायचा हक्क आपल्याला कुणी दिला? गायकासमोर यंत्र ठेवून केलेलं मुद्रण वेगळं, उपरण्याखाली लपवलेलं वेगळं, हे मला कळतं. पण माझी तक्रार मुद्रण करणाऱ्यांवर कमी आहे; त्यांच्यामुळे काही उरलं. अकरा वर्षांचे भीमसेन घर सोडून निघाले, त्याला अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली तबकडीच कारण झाली. माझी तक्रार कापणाऱ्यांवर आहे. तासाभराच्या गाण्यातून सूर हलला ती दोन मिनिटं काढायची आणि 'शेवटचे दिवस' म्हणून पाठवायची. किंवा एकच जोरकस तान काढायची आणि 'असा गायक होणे नाही' म्हणायचं. दोन्हींत गाणं नाही. ज्या आवर्तनात सूर हलला त्याच्या पुढच्या आवर्तनात त्या माणसानं काय केलं, ते कापलं गेलेलं असतं, आणि तेच ऐकण्यासारखं असतं.

(प्रश्नोत्तरांतून)

प्रश्न : सर, ज्यानं शास्त्रीय गाणं फारसं ऐकलेलं नाही, त्यानं यांतली आधी कोणती ऐकावी?

पहिली. सरळ पहिली. ती पकडते. पण दुसरी त्याच दिवशी ऐकू नका, तिच्यावर अन्याय होतो. आठवड्यानं ऐका, रात्री, हेडफोनशिवाय, आवाज पहिल्या टेपेपेक्षा कमी ठेवून. पहिली पंधरा मिनिटं काही घडत नाही असं वाटेल. तेव्हा बंद करू नका. आता इथं वेळ आहे का? साउंडवाले दादा मान हलवतायत, म्हणजे अर्धा तास मिळाला. मग दुसरीच लावू. पंखे तेवढे बंद करा कुणी तरी.